दर्शनी भिंत

श्यामरावच्या घराला भिंती चार. पण यंदाच्या माघात घरातल्या तिघांनाही त्यातली एकच दिसायला लागली. रस्त्याकडची.

त्याला कारण होतं. पोरासाठी, निकेशसाठी, मुली पाहणं सुरू होऊन दोन वर्षं झाली होती. पोरगा चांगला. तुमसरला राइस मिलमध्ये पोती शिवायच्या मशीनवर असतो, तंबाखू खात नाही, म्हणजे घरी खात नाही. माझं घर समोरच, रस्त्याच्या पलीकडे. मी त्याच मिलच्या काट्यावर तीस वर्षं काढली; पोती गेली तरी मोजायची सवय गेली नाही. आतापर्यंत तीन ठिकाणचे पाहुणे येऊन गेले होते. पहिल्यांनी पाच कप चहा घेतला, दुसऱ्यांनी सात. तिसऱ्यांनी चहा दोनदा घेतला, पोहे परत मागवले, आणि माझ्या ओट्यासमोर जीप वळवता वळवता एकमेकांना म्हणाले, "सारं बेस हाय, पन घर मातीचं हाय न."

मातीचं होतं, हे खरंच. बपेऱ्याकडे जाणाऱ्या आमच्या या रस्त्यावर एकेकाळी सगळीच घरं तशी होती. श्यामरावचं घर त्याच्या बापानं आणि टेकचंदनं मिळून बेचाळीस वर्षांपूर्वी उभं केलं. टेकचंद म्हणजे पंचक्रोशीतला भिंती घालणारा; आज चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. बोडीच्या तळ्यातली माती, तिच्यात धानाच्या पेंढ्याचं तनस, दोन दिवस भिजवून पायांनी तुडवलेलं. हातभर उंचीचा थर घालायचा, तो वाळू द्यायचा, मग त्याच्यावर दुसरा. दीड हात जाडीची भिंत. वर कवेलूंचं छप्पर आणि पुढची वळचण इतकी खाली, की आत शिरताना उंच माणसाला मान वाकवावी लागे. तिन्ही ठिकाणच्या पाहुण्यांपैकी चौघांनी तिथे डोकं आपटून घेतलं होतं. नकाराच्या कारणांत मी ते धरलेलं नाही.

तर माघात एके सकाळी गावचा मिस्त्री कैलाश श्यामरावच्या ओट्यावर बसला होता. हा सिमेंटचा मिस्त्री. स्वतःचं घरकुल स्लॅबचं, वर पाण्याची काळी टाकी.

"मामाजी, पुरं घर पाडाची गरजच नाही," तो म्हणाला. "पुढच्या भिंतीले प्लास्टर मारून देतो. वळचण कापून टाकू. भिंतीवर दोन हात विटा चढवू, म्हंजे कवेलू रस्त्यावरून दिसतच नाही. पुढून पाह्यलं का स्लॅब."

"अन् मांगून?" श्यामरावनं विचारलं.

"मांगून कोन पायते?"

"पाहुने काय सांदवाडीतून येनार हायेत का?" शकुनबाई आतून म्हणाली. श्यामरावची बायको निर्णय असे आतूनच देते.

एवढ्यात टेकचंद काठी टेकत आला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. पण त्याच्या भिंतीबद्दल गावात कोणी काही बोललं, की हा तासाभरात तिथे हजर असतो.

"वळचण कापशीन त् पानी कुठं जाईन गा?" त्यानं कैलाशला विचारलं.

"पाइप टाकतो न, बुवा. दोन इंची."

"चार हजार कवेलूचं पानी दोन इंचातून?"

"जमाना बदलला आता, बुवा."

"पावसाले सांगून ठेव मंग तसं." टेकचंदनं भिंतीवर पंजा ठेवला. "अन् हे सिमेंट. मातीले घाम येते, लेका. खालून ओल चढते, बाहेर निघून जाते. म्हनून बेचाळीस साल उभी हाय. तू तिले रेनकोट घालून देऊन रायला. घाम कुठून निघन?"

"भिंतीले घाम!" कैलाश हसला. "मुनीमजी, आयकलं का?"

मी ऐकलं होतं. सगळे श्यामरावकडे पाहू लागले.

"पाहू न मंग," श्यामराव म्हणाला.

हे श्यामरावचं वाक्य आहे. त्यात हो पण येतं, नाही पण येतं, आणि ते म्हणून होईपर्यंत काम दुसऱ्या कोणी तरी सुरू केलेलं असतं. तिसऱ्या दिवशी वळचण कापली. सहा दिवसांत भिंतीला जाळी ठोकून प्लास्टर झालं, वर विटांचा कठडा चढला, पिस्ता रंग लागला, आणि दाराच्या वर निळ्या अक्षरांत 'निकेश निवास' असं आलं. रस्त्यावरून पाहिलं तर खरंच स्लॅबचं घर. मागे परसात, सांदवाडीत जाऊन पाहिलं तर तीच जुनी छुईमातीनं पोतारलेली पांढरी भिंत, मांडवावर वालाच्या शेंगा. तिकडून कोणी पाहिलं नाही.

गावातल्या लीलाबाईची बहीण पवनी तालुक्यात, आसगावला दिलेली. तिच्याकडून तृप्तीचं स्थळ आलं. लीलाबाईनं शकुनबाईला आधीच सावध केलं होतं: "ते लोक हुशार हायेत वो. पयले आपला मानूस पाठवतात. तो गुपचूप सारं पाहून जाते, मंग ते येतात. तू आपली तयारीत राय."

शकुनबाई तयारीत राहिली. घरात सुद्धा नवं लुगडं.

होळीनंतर आठेक दिवसांनी, सकाळी दहाच्या सुमारास, एक माणूस मोटरसायकलवरून आला. इस्त्रीचा शर्ट. गाडी लावली, मोबाइल काढला आणि पुढच्या भिंतीचा फोटो घेतला. मग दोन पावलं मागे सरून आणखी एक घेतला. श्यामराव वावरात होता. शकुनबाई डोक्यावर पदर घेत बाहेर आली, आणि मला माझ्या ओट्यावरून पुढचं सगळं शब्दनशब्द ऐकू आलं.

"घर तुमचंच का, मावशी?"

"आमचंच जी. बसा न. पानी घ्या."

"भिंत कशाची आहे?"

"पक्की हाय. सिमेंटची."

"आणि वर?"

शकुनबाईनं मान वर केली. वर कैलाशचा कठडा होता. "तुमाले काय दिसते?" ती हसून म्हणाली.

"स्लॅब दिसतोय."

"मंग आता मी काय सांगू!"

त्यानं मोबाइलवर बोट टेकवलं. "संडास-बाथरूम?"

"हाय न."

"गाडी?"

"पोराची हाय. दुसरी मोठी घेतो म्हनते."

"पोरगा काय करतो?"

"मिलमंधी सायेब हाय."

"शेती?"

"लगित हाय जी," शकुनबाई म्हणाली. लगित म्हणजे भरपूर; धान-लाखोरी धरून दोन एकर आहे.

"आतून पाहू का जरा?"

"आत काय पायता? आत पसारा हाय. चहा घ्या तुमी."

त्याला अजून चाळीस घरं करायची असतील. त्यानं चहा घेतला, भिंतीपुढे उभं करून तिचाही एक फोटो घेतला. "म्हणजे तुमचं सगळं चांगलंच आहे, मावशी. देवाची दया."

"तुमच्याच तोंडानं सांगजा तिकडे," शकुनबाई म्हणाली.

त्याच्या गळ्यात निळ्या पट्ट्याचं कार्ड लोंबत होतं. मुलगी द्यायला निघालेली माणसं गळ्यात कार्ड घालून येत नाहीत, एवढं मला कळत होतं. सरकारी घरकुलाच्या सर्व्हेची दवंडी झाली होती, तेव्हा शकुनबाई गावात नव्हती, मी होतो. मी उठून रस्ता ओलांडायला हवा होता. वीस पावलं. पण ती इतकी रंगात आली होती आणि मला इतकी मजा येत होती, की मी सुपारी कातरत बसून राहिलो.

आठवड्यानं आसगावचे खरे पाहुणे आले. सहा माणसं, बारा कप. तृप्तीचे वडील उतरल्या उतरल्या भिंतीजवळ गेले आणि बैलाच्या पाठीवर थाप मारावी तशी त्यांनी भिंतीवर थाप मारली. "घर पाहूनच समाधान झालं जी," ते म्हणाले. डोकं कोणाचंही आपटलं नाही. चैत्रात साक्षगंध झालं. दोन्हीकडे धानाचं काम, म्हणून लग्न तुळशीच्या लग्नानंतर धरलं.

मग घरकुलाची यादी लागली. श्यामरावचा नंबर चार वर्षांपासून सतरावा होता. आता सोळानंतर अठराच होता. खाली वेगळ्या यादीत सतराव्याच्या पुढे लिहिलेलं होतं: पक्के घर, अपात्र.

अर्ज लिहायला म्हणून मला घेऊन श्यामराव तुमसरला पंचायत समितीच्या ऑफिसला गेला. तिथे रुपा मॅडम होत्या. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी कॉम्प्युटरच आमच्याकडे वळवला. पडद्यावर पिस्ता भिंत, 'निकेश निवास', आणि भिंतीपुढे पदर सावरून हसणारी शकुनबाई.

"ह्या तुमच्याच घरच्या ना?"

"हो," श्यामराव म्हणाला. थोडा वेळ तो पाहतच राहिला. इतकं हसताना त्यानं तिला बऱ्याच वर्षांत पाहिलं नसावं.

"सगळी माहिती यांनीच दिलीय, काका."

"मॅडम, ते पुढूनच तसं हाय. मांगून माती हाय. वर कवेलू हायेत."

"मागचा फोटो घ्यायची सोय नसते त्यात."

"मंग तुमी येऊन पाहा."

"मी पाहिलं तरी मला बदलता येत नाही. एकदा गेलं की गेलं. पुढच्या सर्व्हेला नाव टाका."

"कवा हाय तो?"

"वरून येईल तेव्हा," मॅडम म्हणाल्या. श्यामरावनं वर पाहिलं. वर पंखा होता.

"पण तोवर ते सिमेंट काढून ठेवा," त्या म्हणाल्या. "नाहीतर पुन्हा हाच फोटो जाईल." मग आवाज खाली करून: "पावसात घर पडलं तर त्याचा वेगळा अर्ज असतो. तसं होऊ नये, पण सांगून ठेवते."

परतीच्या एसटीत श्यामराव खिडकीशी बसला. तुमसर सुटल्यावर म्हणाला, "सिमेंट काढलं त् पोरगी जाते. ठेवलं त् घरकुल जाते."

"अन् टेकचंद म्हनते, ठेवलं त् घरच जाते," मी म्हणालो.

"पाहू न मंग."

मे महिना आला. आमच्याकडचा मे सांगायची गरज नाही. गावात आता स्लॅबची घरं एकतीस, त्यात माझंही एक, आणि दुपारी बारानंतर त्या एकतीसांपैकी एकातही माणूस थांबत नाही. श्यामरावच्या मागच्या खोलीत मात्र जमिनीवर नुसतं लुगडं अंथरून झोप लागते. मेच्या तेविसाव्या तारखेला मी तिथे अकरा माणसं मोजली. दाराकडून तिसरा, तोंड उघडं टाकून घोरत होता तो कैलाश मिस्त्री.

टेकचंदनं त्याला काठीनं ढोसलं. "उठ. तुया घरी का जागा नाही का?"

"घरी तवा तापला हाय, बुवा."

"कोनं बनवलं थे घर?"

"मीच."

"अन् हे?"

कैलाशनं कूस बदलली. टेकचंद सगळ्यांना ओलांडत बाहेर ओट्यावर गेला आणि त्यानं दर्शनी भिंतीवर मूठ आपटली. मग मागच्या भिंतीवर आपटली. मागची गप्प बसली. पुढची वाजली, भरलेल्या आणि अर्धवट पोत्यातला फरक ज्याला कळतो त्याला तो आवाज कळावा असा.

"प्लास्टर मातीपासून सुटून रायलं," तो शकुनबाईला म्हणाला. "आता उन्हाळा हाय तवर खरवडून काढ. मी वळचण परत घालून देतो. पंधरा दिवसाचं काम. पानी आलं का मंग माया हातचं नाही."

"देवदिवाळीपर्यंत उभी राहू द्या, बुवा. लगन झालं का तुमच्याच हातानं खरवडा."

"मी रायतो वो उभा. ते रायली पायजे न."

"आखाडात इवाई येनार हायेत कपडे घेऊन. त्यायले काय दाखवू, चिखल?"

टेकचंदनं श्यामरावकडे पाहिलं. श्यामराव माझ्याकडे पाहत होता. मी त्या अकरांवरचा बारावा होतो, आणि मला त्या गारव्यात झोप येत होती.

"पाहू न मंग," श्यामराव म्हणाला. चैत्रापासूनचं हे एकोणचाळिसावं.

पाऊस लागला आणि आषाढाच्या पहिल्याच आठवड्यात दोन इंची पाइप कडुनिंबाच्या पाल्यानं बुजला. छपराचं पाणी पूर्वी वळचणीवरून थेट अंगणात पडायचं. ते आता कठड्यामागे साचून भिंतीच्या डोक्यात उतरू लागलं. निकेश शिडी लावून पाइप मोकळा करायचा. दोन दिवसांत पुन्हा बुजायचा. बाहेरून भिंत तशीच पिस्ता, तशीच कोरडी. आतून मात्र खालून एक काळपट ओल चढताना दिसायला लागली, आणि वरून दुसरी उतरताना.

माझ्या हातून दुसरं काही होण्यासारखं नव्हतं, म्हणून मी दर रविवारी जाऊन ओलीच्या काठावर खडूनं रेघ मारायचो आणि तारीख घालायचो. पहिल्या रविवारी जमिनीपासून एक वीत. दुसऱ्या रविवारी दीड. श्रावण लागला तेव्हा अडीच, आणि वरची ओल दाराच्या चौकटीपर्यंत.

"मुनीमजी, रेघा मारून का थांबते का थे?" शकुनबाईनं एकदा विचारलं.

"नाही," मी म्हणालो, आणि रेघ मारली.

तिनं भिंतीशी शेगडी पेटवून ठेवली. निकेशनं टेबलफॅन आणून भिंतीकडे तोंड करून लावला. दिवसभर भिंत वारा खायची आणि श्यामराव बाजूला बसून पुठ्ठ्यानं स्वतःला वारा घालायचा. टेकचंदनं तीन बांबूंचे टेकू दिले.

आसगावचे व्याही आषाढात येऊन गेले. भिंतीवर पुन्हा थाप मारून गेले. ती थाप पडली तेव्हा ओट्यावर उभ्या असलेल्या आम्ही पाच जणांनी श्वास रोखला होता.

पोळा झाला. पोळ्यानंतर तिसऱ्या दिवशी आभाळ एकदम मोकळं झालं आणि कडक ऊन पडलं. श्यामराव सकाळपासून खुशीत. "ऊन आलं, मुनीमजी! आता वाळते पाहा. निघाला पावसाळा."

साडेअकराला टेकचंद आला. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस काठीसकट धावताना मी पहिल्यांदा पाहिला.

"निघा," तो दारातून ओरडला. "सारे बाहेर निघा."

"काहून गा, बुवा? पाऊस त् गेला."

"पावसात नाही पडत थे. भिजली का फुगते, धरून रायते. उन्हात आकसते, तवा सोडते. आज सोडनार हाय. निघा."

"भात टाकला हाय चुलीवर," शकुनबाई म्हणाली.

"राहू दे भात."

तो उंबरठ्यावर बसला आणि म्हणाला, तुम्ही निघेपर्यंत मी इथून हलत नाही. भिंत बरोबर त्याच्या डोक्यावर होती. तेव्हा कुठे ती दोघं बाहेर आली. निकेश मिलमध्ये होता. मी त्यांना माझ्या ओट्यावर बसवलं, आणि आम्ही चौघं ओळीनं बसून समोरची भिंत पाहू लागलो.

काहीच झालं नाही. बारा वाजले. भिंत उन्हात उभी, पिस्ता, नवीकोरी, एक चीर नाही. रस्त्यानं जाणाऱ्या बेबीबाईनं विचारलं, "काय पाहून रायले जी सारे?" श्यामराव नुसता हसला.

साडेबारा. भाताचा वास येऊ लागला.

"लागते भात," शकुनबाई म्हणाली. "जाते अन् उतरवून येते. एक मिनिट."

टेकचंदनं काठी तिच्यापुढे आडवी धरली.

"बुवा, तुमी उगीच..."

"बस."

ती बसली. माझ्या लक्षात आलं, की आम्ही चौघंही आता ती पडायची वाट पाहत होतो. पडली नाही तर टेकचंद खोटा ठरणार होता, पडली तर श्यामराव रस्त्यावर येणार होता, आणि दोन्हीपैकी काय हवंय हे कोणाला विचारायची सोय नव्हती.

एक वाजून पाच मिनिटांनी वरचा कठडा किंचित पुढे झुकला, कोणीतरी आवाज दिल्यावर माणूस वाकून पाहतो तसा. मग सगळं प्लास्टर एका सलग पत्र्यासारखं भिंतीपासून सुटलं आणि अंगणात उताणं पडलं. त्याच्यामागे माती उभी होती, क्षणभरच. मग तीही बसली. बसली हाच शब्द बरोबर. फारसा आवाज झाला नाही. कवेलूंचा झाला.

धूळसुद्धा उडाली नाही, इतकी ती ओली होती. जाळीमुळे प्लास्टर अखंड होतं. 'निकेश निवास' आभाळाकडे तोंड करून पडलं होतं, एक अक्षर न तुटता. दाराची सागवानी चौकट, तिच्यामागे टेकू होता म्हणून, एकटीच उभी राहिली. चौकटीच्या आजूबाजूनं आतली सगळी खोली रस्त्यावरून दिसत होती: देव्हारा, निकेशची पँट, माझ्या खडूच्या रेघांपैकी कोपऱ्यात उरलेल्या दोन.

भात करपल्याचा वास आता सगळ्या गल्लीत आला. श्यामराव बोलला नाही. ते वाक्यसुद्धा नाही.

तीन दिवसांनी पंचनाम्याचे साहेब आले. इस्त्रीचा शर्ट. शकुनबाईनं पाणी द्यायच्या आधी विचारलं, "तुमी कोनाकडून आले जी?" आता ती प्रत्येकाला विचारते. परवा कुकर विकणाऱ्यालाही विचारलं.

साहेबांनी कागद काढला, मोबाइल पाहिला, आणि लिहायला लागले: पक्के घर, दर्शनी भिंत पडली, अंशतः नुकसान.

"पक्कं?" टेकचंदनं ढिगातली मूठभर माती उचलली आणि साहेबांपुढे पिळली. बोटांतून पाणी गळलं. "हे पक्कं हाय का?"

"मला दिसतंय हो, बाबा. पण नोंदीत पक्कं आहे. मी कच्चं लिहिलं तर दोन कागद एकमेकांशी जुळत नाहीत, अन् मग अर्ज तिथंच पडतो. अंशतः तर अंशतः, काही तरी पुढं जाईल. वरून साहेब येतील पाहायला, तेव्हा तुम्ही त्यांना दाखवा."

"तवर भिंत घालून घेतो," टेकचंद म्हणाला. "ऊन हाय. कार्तिकापर्यंत उभी करून देतो."

"अजिबात नको! हात लावू नका. ते आले अन् भिंत उभी दिसली, तर पडली कुठं म्हणतील. जसं आहे तसं ठेवा."

"कवा येतीन थे?"

साहेबांनी खांदे हलवले. मग पंच म्हणून सही करायला त्यांनी पेन माझ्यापुढे धरलं. तीस वर्षं काट्यावर होतो. पाव किलोच्या फरकावरून व्यापाऱ्याशी भांडलो आहे. 'पक्के घर' या शब्दांखाली मी सही केली. न केली असती तर अंशतःसुद्धा गेलं असतं, असं मी स्वतःला सांगितलं. ते खरंही आहे. पण ज्या दिवशी वीस पावलं चालायची होती त्या दिवशी सही लागत नव्हती.

निकेशनं पडलेल्या घराचा फोटो तृप्तीला पाठवला होता. आई-बापाला न विचारता. पोरगं एवढं तरी करेल असं मला वाटलं नव्हतं. चौथ्या दिवशी आसगावचे व्याही एकटेच आले. शकुनबाईनं चौकटीच्या आत चटई टाकली. व्याही चौकटीतूनच आत आले, बाजूनं नाही, माणूस रीतीचा. चहा घेतला. एक कप.

"लगन त् होनारच," ते एकदम म्हणाले. "पोरीनं सांगितलं हाय घरी, थे काही आयकत नाही. त्याची चिंता नका करू."

शकुनबाईनं डोळ्याला पदर लावला. व्याही उठले, टेकचंदला खुणेनं घेऊन सांदवाडीत गेले. मी सुपारीचं निमित्त काढून मागे गेलो.

"बुवा, एक इचारू का?" व्याही मागच्या पांढऱ्या भिंतीला हात लावून म्हणाले. "आमच्याबी पुढच्या भिंतीले यंदाच मारलं सिमेंट. तुमचे लोक पाहाले येनार होते म्हनून."

टेकचंद त्यांच्याकडे पाहत राहिला. "आत कायची हाय?"

"मातीची. आमच्या आबाची."

"वळचण?"

"कापली."

"ठोकून पाह्यली का?"

"फोटो आला त्याच दिवशी पाह्यली." व्याही थांबले. "वाजते जी."

"मंग आजच जाऊन खरवडा. वेळ हाय अजून."

"मांडव त्याच भिंतीपुढं पडनार हाय न, बुवा. चारशे मानूस येईन. चिखलापुढं पोरीचं लगन कसं लावू?"

व्याह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग वालाच्या मांडवाकडे.

"पाहू," ते म्हणाले.

आता कार्तिक लागलाय. वरचे साहेब आलेले नाहीत. पुढच्या बाजूला हिरवी जाळी आणि ताडपत्री बांधली आहे, मध्ये चौकट. शकुनबाई रोज सकाळी उंबरठ्यापुढे सडा टाकते, रांगोळी घालते. दर सोमवारी श्यामराव ऑफिसला जातो. जाताना दार ओढून घेतो, कडी घालतो, कुलूप लावतो, ओढून पाहतो, आणि किल्ली माझ्याकडे आणून देतो. दोन्ही बाजूंनी ताडपत्री फडफडत असते. मी किल्ली खिळ्याला लावतो.

टेकचंदनं सांदवाडीत माती आणून टाकली आहे. ढिगाला हात लावू नका असं साहेब म्हणाले होते, म्हणून बोडीतली नवी, आठ बैलबंड्या. तनस घालून तुडवली, आणि ती वाळायला लागली की पुन्हा भिजवतो. चार वेळा झालं. भिजवलेली माती अशी किती दिवस राहते, मी त्याला विचारलं.

"नाही रायत," तो म्हणाला. "तनस सडते."

मग हंडा उचलून त्यानं ढिगावर पाणी ओतलं, पायजमा वर खोचला, आणि काठी भिंतीला टेकवून, एका हातानं मला धरून, पुन्हा तुडवायला लागला.